वडिलांची कॉन्टेसा, ड्रिफ्टिंग आणि पार्ट्सची यादी : सुरुवात कुठून करू?

घाटमाथा (चेंबूर)

नमस्कार. वर्षभर इथे वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमच्याकडे १९९३ सालची कॉन्टेसा क्लासिक आहे. १.८ जीएलएक्स, इसुझुचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, रंग पांढरा. बाबांनी ९९ साली जुनीच घेतली होती. दरवर्षी गणपतीला आम्ही सहा माणसं, मखर आणि आजीच्या लोणच्याच्या बरण्या घेऊन हीच गाडी चिपळूणला जायची. गेली सहा वर्षं ती सोसायटीच्या मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली उभी आहे. महिन्यातून एकदा बॅटरी जोडतो, दुसऱ्या सेल्फला धरते.

मला ड्रिफ्टिंग, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत चालवणं, शिकायचंय आणि गाडी स्वतःच्या हातांनी बांधायचीय. रस्त्यावर स्टंट करण्यात रस नाही, हे आधीच सांगतो. अमेरिकन मसल कार, म्हणजे मोठ्या व्ही८ इंजिनाची दणकट गाडी, घेणं ऐपतीबाहेरचं आहे. आपल्याकडे बनलेल्या गाड्यांत त्या थाटाची मला तरी एकच दिसते. लांब बॉनेट, भरलेली मागची बाजू, ताकद मागच्या चाकांना. लहानपणी मागच्या सीटवरून दिसणारं ते बॉनेट अजून डोळ्यासमोर आहे.

माझी यादी अशी : जीएमचं एलएस१ व्ही८ इंजिन, जमलं तर त्यावर सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप), सरळ एक्झॉस्ट, कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र), हायड्रॉलिक हँडब्रेक, बकेट सीट, आणि शेवटी स्टिअरिंगचा कोन वाढवण्याचं काम. तीन वर्षांत मिळून बारा लाखांपर्यंत जाऊ शकतो. वसईत मित्राचा गाळा आहे, वेल्डिंग मशीन आहे, शनिवार-रविवार माझा आहे.

काय आधी घेऊ, मुंबईत काम कुठे होईल आणि कायद्याने काय चालतं, हे जाणकारांनी सांगावं.


हिरवी फियाट (माटुंगा)

पार्ट्सचं नंतर. आधी हात जोडून विनंती, ही गाडी कापू नका.

कॉन्टेसा १९८४ ते २००२ एवढाच काळ बनली. मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सॉल व्हिक्टरचा, कारखाना पश्चिम बंगालमध्ये उत्तरपाड्याला. सुरुवातीच्या गाड्यांना अँबेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं, बिचारीला ओढवायचं नाही. इसुझुचं १.८ आलं तेव्हा कुठे ती धावायला लागली. तुमच्याकडे तीच आहे, चालू आहे आणि एका घरात पंचवीस वर्षं आहे. असा नग आज शोधून मिळत नाही.

माझ्याकडे पद्मिनी आहे, आपल्या कुर्ल्यालाच बनलेली. तिच्या मागच्या दिव्याच्या काचेसाठी मी दीड वर्ष फिरलो. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या, तेव्हा माणसं फोटो काढायला उभी होती. रोज दिसत होत्या तोवर कोणी वळून पाहिलं नाही. कॉन्टेसाचं तर पद्मिनीपेक्षाही अवघड, कारण त्या मुळात कमी होत्या. मोनोकॉक बॉडी आहे, म्हणजे वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीच घेते. एकदा फ्लोअर कापून केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला नळ्यांचा सांगाडा) वेल्ड केलात की ती परत कधी मूळची होणार नाही.

बाबांना विचारलंत का?


लेथवाला (साकीनाका)

घाटमाथा, यादी वाचली. चांगली केलीय, फक्त उलटी केलीय. जे शेवटी लिहिलंय ते पहिलं.

ड्रिफ्ट म्हणजे मागचं टोक सुटलेलं असताना पुढची चाकं उलटी वळवून गाडी त्याच अवस्थेत धरून ठेवणं. पुढची चाकं जिथे वळायची थांबतात तिथे तुमचा ड्रिफ्ट संपतो आणि गिरकी सुरू होते. साध्या गाडीचं चाक पस्तीस-चाळीस अंशांपर्यंत वळतं. स्पर्धेच्या गाड्यांचं साठाच्या पुढे जातं. चारशे घोड्यांचं इंजिन आणि पस्तीस अंशांचं स्टिअरिंग असेल, तर ते चारशे घोडे तुम्हाला फक्त जास्त वेगाने भिंतीपर्यंत नेतील.

कोन वाढतो कसा, तर नकलचा, म्हणजे पुढचं चाक ज्यावर बसतं त्या ओतीव भागाचा, जो हात टाय रॉडला (चाक वळवणाऱ्या दांडीला) जोडलेला असतो तो आखूड करायचा. टाय रॉड तेवढाच सरकतो, चाक जास्त वळतं. बदल्यात स्टिअरिंग जड होतं, आणि चाक आत लोअर आर्मला नाहीतर मडगार्डच्या पत्र्याला लागतं, म्हणून आर्मही बदलावा लागतो. शिवाय साध्या गाडीत वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं, त्याला अ‍ॅकरमन म्हणतात. ड्रिफ्टच्या गाडीत तो फरक कमी करतात, म्हणजे दोन्ही चाकं जवळजवळ समांतर राहतात आणि पुढची पकड सलग मिळते. एस्टोनियाच्या वाइजफॅबसारख्या कंपन्या हे सगळं एका खोक्यात देतात, पण निस्सानला, बीएमडब्ल्यूला, मस्टँगला. कॉन्टेसाला कोण देणार? ते इथेच बनवावं लागेल.

आणि इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. ओतीव नकल कापून त्याला वेल्डिंग मारू नका. सीएसटी रोडच्या गाडीबाजारात कोणीही तासाभरात करून देईल, वर 'साहेब, लोखंड तुटेल पण जोड तुटणार नाही' असंही सांगेल. तसा जोड मी हातात घेऊन पाहिलाय, तुटल्यानंतरचा. ईएन२४ च्या ठोकळ्यातून मिलिंग करून घ्या, हीट ट्रीटमेंट करा, आणि लाल रंगाचं डाय मारून तडा तपासा. चार पैसे जास्त जातील. पुढचं चाक निखळणं म्हणजे काय ते तीस वर्षं लेथवर उभं राहून मला माहीत झालंय.

दुसरं काम डिफरन्शिअलचं. डिफरन्शिअल म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा. तुमच्या गाडीला उघडं डिफरन्शिअल आहे, म्हणजे वळणात ज्या चाकावर वजन कमी तेच नुसतं फिरत बसतं. ड्रिफ्टला दोन्ही चाकं एकत्र फिरायला हवीत. पैसे असतील तर क्लचवालं एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल), ते टू-वे घ्यावं म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही लॉक राहतं. पैसे नसतील तर आतले स्पायडर गिअर वेल्ड करून टाकतात. शिकायला ते पुरतं. पण वेल्ड केलेल्या डिफरन्शिअलवर गाडी रस्त्यावर न्यायची नाही, साध्या वळणावरही टायर ओरडतात आणि अर्धे शाफ्ट पिळतात.

त्यानंतर ब्रेक, शॉक, थंडावा. इंजिन सगळ्यात शेवटी. तुमचं १.८ किती देतं, नव्वदीच्या आत. ओल्या जमिनीवर तेवढं शिकायला भरपूर आहे.


सातवा गिअर (डोंबिवली)

लेथवाला काकांशी सहमत, पण व्ही८ चा आवाज हवा हो. त्याशिवाय मसल कार कसली?


वरळी पाच लिटर (वरळी)

मसल कारचा विषय निघालाय म्हणून माझा अनुभव लिहितो. माझ्याकडे आपल्याकडे अधिकृत विकली गेलेली फोर्ड मस्टँग जीटी आहे. २०१६ मध्ये आली तेव्हा किंमत पासष्ट लाख, पाच लिटरचं व्ही८, ४०१ पीएस, ५१५ न्यूटन मीटर. मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, जे या पिढीपासून म्हणजे २०१५ पासून सगळ्या मस्टँगना आलं. कागदावर याहून चांगली सुरुवात नाही.

पण भारतात ती फक्त ऑटोमॅटिक आली. ड्रिफ्टमध्ये मागचं टोक सोडवायची सर्वात साधी युक्ती म्हणजे क्लच किक. गिअरमध्ये असताना क्लच दाबायचा, आरपीएम चढू द्यायचे आणि फटकन सोडायचा. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यावर ती युक्तीच नाही. मॅन्युअल करायचं ठरवलं तेव्हा कळलं की अमेरिकेतले बहुतेक पार्ट्स डाव्या स्टिअरिंगचे. पेडल बॉक्स ब्रिटन-ऑस्ट्रेलियाच्या गाडीचा लागतो, तिथे उजव्या स्टिअरिंगची मॅन्युअल मस्टँग विकली गेली. लाँग ट्यूब हेडरही (इंजिनातून धूर बाहेर नेणारे लांब पाइप) तसेच, कारण स्टिअरिंगचा शाफ्ट उजवीकडून खाली जातो आणि अमेरिकन हेडर नेमका तिथे अडतो. मी हेडर मागवले, ड्युटी भरली, न्हावाशेव्याहून सोडवले, आणि ते आजही घरात पोटमाळ्यावर पडून आहेत. कोणताही पार्ट मागवण्याआधी उजव्या स्टिअरिंगला बसतो का हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

आता मसल कार ड्रिफ्टला चांगली की वाईट. १९६४ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ घ्या, मधल्या आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचं व्ही८. सरळ रस्त्यावर पळायला जन्मलेली जात आहे ही. जपानी ड्रिफ्टची परंपरा पूर्ण वेगळी, डोंगरातले घाट आणि हलक्या गाड्या. तरीही अमेरिकेत फॉर्म्युला ड्रिफ्टची पहिली स्पर्धा २००४ ची, आणि ती डॉज व्हायपरने जिंकली. २००५ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओने. २०१० ची वॉन गिटिन ज्युनियरने मस्टँगमध्ये. २०२४ ला जेम्स डीननेही मस्टँगच आणली. तेव्हा जमत नाही असं मुळीच नाही.

कारण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर. मोठं व्ही८ खालच्या आरपीएमवरच एवढं ओढतं की गिअर न बदलता, पायाच्या एका बोटाने मागची चाकं सुटलेली ठेवता येतात. टर्बोची वाट पाहावी लागत नाही. लांब व्हीलबेसमुळे गाडी हळू फिरते, चूक झाली तर सावरायला वेळ मिळतो. पण डावीकडून उजवीकडे फेकताना तीच लांबी आणि तेच पावणेदोन टन वजन अंगावर येतं. माझी गाडी पुढून जड आहे आणि ते प्रत्येक वळणाला जाणवतं. शिकणाऱ्याने या वजनापासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.


घाटमाथा (चेंबूर)

सगळ्यांचे आभार. हिरवी फियाट, तुमचा प्रश्न मला लागला. बाबांना विचारलं नव्हतं. गाडी माझ्याच नावावर केलीय त्यांनी, म्हणून विचारायची गरज वाटली नाही. काल रात्री जेवताना विषय काढला. ते फार बोलले नाहीत, "इंजिन काढणार का?" एवढंच विचारलं आणि हात धुवायला उठले.

लेथवाला काका, कोनाचं समजलं. एलएस१ बद्दल मात्र सांगा. ते एवढ्या गाड्यांत का बसवतात?


लेथवाला (साकीनाका)

कारण ते दिसतं त्यापेक्षा लहान आहे. एलएस१ पहिल्यांदा १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलं, ५.७ लिटर, अ‍ॅल्युमिनिअमचा ब्लॉक. कॅमशाफ्ट एकच आणि तो ब्लॉकच्या आत, पुशरॉडने व्हॉल्व्ह उघडतात. त्यामुळे वरची हेड बुटकी आणि अरुंद राहतात. मस्टँगच्या पाच लिटरच्या डोक्यावर चार कॅमशाफ्ट आहेत, ते आकाराने लहान असूनही रुंदीला कितीतरी मोठं. म्हणून निस्सानपासून बीएमडब्ल्यूपर्यंत लोक एलएस बसवतात.

पण तुमच्या गाडीत ते घालायचं म्हणजे गिअरबॉक्स नवा, प्रॉपेलर शाफ्ट नवा, मागचा अ‍ॅक्सल नवा, ब्रेक नवे, रेडिएटर नवा. इंजिन ही त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट ठरेल. आणि एखादा सेन्सर गेला तर तीन आठवडे गाडी उभी.

इथेच मिळणारं, मागच्या चाकांना ताकद देणारं, मॅन्युअल गिअरबॉक्ससकट काय आहे ते पाहा. इनोव्हा क्रिस्टाचं २.७ पेट्रोल आहे, १६६ पीएस, २४५ न्यूटन मीटर, पाच गिअर, साधं पोर्ट इंजेक्शन. बाहेरचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) लावायला सोपं. उंचीला जरा जास्त आहे, बॉनेटखाली माप घ्यावं लागेल. दुसरं स्कॉर्पिओ-एनचं दोन लिटर टर्बो पेट्रोल. मॅन्युअलला ३७० न्यूटन मीटर, म्हणजे जुन्या व्ही८ च्या जवळ जातं. पण त्याचं इंजेक्शन थेट सिलिंडरमध्ये आहे, हाय प्रेशर पंप आहे. त्यासाठी लागणारा ईसीयू महाग आणि ट्यून करणारा माणूस दुर्मीळ. अपघातात मागून चेपलेली क्रिस्टा मिळाली तर इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, पेट्रोल पंप असं सगळं एकत्र घ्या. सुटं घेऊ नका.

सातव्या गिअरला सांगतो, आवाज मलाही प्रिय आहे. पण आधी गाडी फिरू दे.


रात्रपाळी (भांडुप)

हायड्रॉलिक हँडब्रेकबद्दल माझ्यासोबत झालेलं सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाचं होऊ नये.

मूळ हँडब्रेक तारेवर चालतो. त्याने चाक धरतं, पण हवं त्या क्षणी झटक्यात लॉक होऊन तितक्याच झटक्यात सुटत नाही. म्हणून वेगळा दांडा आणि त्याला स्वतःचा मास्टर सिलिंडर लावून मागच्या ब्रेक लाइनमध्ये जोडतात. मी ऑनलाइन एक बिननावाचा स्वस्त दांडा घेतला आणि सरळ मागच्या लाइनमध्येच टाकला. पाचव्या-सहाव्या वेळी ओढला तेव्हा आतलं सील गेलं. त्याच लाइनवर पायाचा मागचा ब्रेक होता, पेडल खाली गेलं. तळोज्याला बंद कंपनीचं आवार होतं, मालकाची परवानगी होती, समोर मोकळी जागा होती, म्हणून आज लिहितोय.

त्यानंतर शिकलो ते असं. जमलं तर मागे दुसरे कॅलिपर (डिस्क पकडणारे ब्रेकचे भाग) लावायचे आणि हँडब्रेकची लाइन पूर्ण वेगळी ठेवायची. म्हणजे एक गेला तरी पायाचा ब्रेक शाबूत. मास्टर सिलिंडर नावाच्या कंपनीचा, सीलचं किट वेगळं मिळेल असाच. त्याचा बोअर, म्हणजे आतला व्यास, फार मोठा घेतला तर दांडा दगडासारखा होतो आणि चाक लॉक होत नाही, फार लहान घेतला तर दांडा मागच्या सीटपर्यंत येतो. आणि ऑपेरा हाउसला किंवा सीएसटी रोडला ब्रेकची कोणतीही वस्तू घेताना बिल मागा. बिल न देणाऱ्याकडून सीट कव्हर घ्या, ब्रेक नको.


सागरवारा (नेरुळ)

मी गाड्यांतली नाही, धागा पहिल्या पानावर दिसला म्हणून वाचला. पाम बीच रोडच्या कडेच्या इमारतीत राहते.

शनिवारी रात्री एक-दीडच्या पुढे आमच्याकडे रस्त्यावर गाड्यांचं काय चालतं ते इथल्या प्रत्येकाने एकदा येऊन ऐकावं. माझ्या सासूबाई हृदयाच्या रुग्ण आहेत, दचकून उठून बसतात. कोस्टल रोड झाल्यावर तिकडच्या लोकांनीही आवाजाच्या अशाच तक्रारी केल्या. तीन वर्षांपूर्वी आमच्या सिग्नलजवळ एक डिलिव्हरीवाला मुलगा अशाच गाडीखाली आला. रस्त्यावर सांडलेले डबे मी पाहिलेत.

घाटमाथांनी सुरुवातीलाच रस्त्यावर करणार नाही म्हटलंय, ते वाचून बरं वाटलं. पण गाडी तयार झाल्यावर चालवणार कुठे, हे कोणीच लिहिलेलं नाही.


आरटीओ फेरी (ठाणे)

ताईंचा प्रश्न अगदी योग्य आहे. कायदा सांगतो, मग जागा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर उत्पादकाने दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ आलं, त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या. सार्वजनिक जागी शर्यत लावली तर कलम १८९, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर वर्षभरापर्यंत कैद.

म्हणून कोन वाढवलेली, केज टाकलेली, डिफरन्शिअल वेल्ड केलेली गाडी रस्त्याची राहतच नाही. तिची नोंदणी कलम ५५ खाली रद्द करून घ्या आणि ती कायम ट्रेलरवरून न्या. घाटमाथा, तुमच्या गाडीला पंधरा वर्षं कधीच उलटलीत, दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी आणि हरित कर लागतो. ती केलीय का ते आज बघा. चालू कागदपत्रांची कॉन्टेसा नोंदणीतून काढून टाकणं मला तरी पटत नाही.

जागा. मुंबईत ट्रॅक नाही, हे कटू सत्य. मोठे ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. ट्रेलरने चेन्नई म्हणजे जाऊन-येऊन अडीच हजार किलोमीटरच्या वर. वर्षातून एखाद्या वेळी ठीक. नेहमीच्या सरावाला एमआयडीसीतलं बंद आवार, मालकाची लेखी परवानगी, रुग्णवाहिका नाही तर निदान जवळच्या रुग्णालयाचा रस्ता पाठ असलेला एक माणूस आणि दोन अग्निशामक सिलिंडर. आणि दिवसा. रात्री आवाज आवाराबाहेर जातो.


घाटवळण (कोल्हापूर)

माझंही एक सांगणं. आमच्या कोल्हापुरात गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, गाडी बांधून होईपर्यंत तिथे या. कार्टला डिफरन्शिअल नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर. वजन पुढे टाकलं की मागचं टोक कसं हलकं होतं, हे ढुंगणाला जे कळतं ते पुस्तकाला कळत नाही. मी दोन वर्षं तेच केलं आणि मग पहिल्यांदा मागच्या चाकांच्या गाडीत बसलो.


वरळी पाच लिटर (वरळी)

थंडाव्याबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून थोडं. ड्रिफ्टमध्ये इंजिन पूर्ण जोरात असतं, पण गाडी आडवी जात असते. म्हणजे रेडिएटरवर समोरून हवाच येत नाही. वेग साठ-सत्तर, आरपीएम सहा हजार. त्यात मे महिन्यातली मुंबईची दमट हवा. म्हणूनच स्पर्धेच्या कित्येक गाड्यांचे रेडिएटर मागे डिकीत असतात आणि त्यावर मोठे पंखे.

सुपरचार्जर तर सोडूनच द्या. हवा दाबली की तापते, तापलेल्या हवेने नॉकिंग होतं (पेट्रोल वेळेआधीच पेटतं), मग ईसीयू टायमिंग मागे घेतो आणि पैसे मोजून घेतलेली ताकद तिसऱ्या फेरीलाच गायब. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल २०२० च्या डिसेंबरपासून काही पंपांवर मिळतं, ते थोडा आधार देतं, पण दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची जागा घेत नाही.

ऑइलचंही पाहा. गाडी सलग आडवी असली की संपमधलं (इंजिनाखालच्या टाकीतलं) ऑइल एका बाजूला जातं, ते ओढणारा पिकअप उघडा पडतो आणि बेअरिंग कोरडी फिरतात. संपमध्ये बॅफल (ऑइल अडवणाऱ्या पट्ट्या) वेल्ड करून घ्या, हजार-दोन हजारांचं काम आहे. टाकीतल्या पेट्रोलचंही तेच, छोटी सर्ज टँक (पेट्रोल साठवणारी जोडटाकी) लावा. आणि कार्ब्युरेटरवरच शिकणार असाल तर जुने रबरी पाइप आधी बदला. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, मग चिरतं, आणि ते गरम मॅनिफोल्डच्या वर असतं.


लेथवाला (साकीनाका)

केजचं मी सांगतो, कारण यात लोक सगळ्यात जास्त वाचवायला बघतात. गॅसचा पाइप किंवा पाण्याचा जीआय पाइप वाकवून केज करणारे आहेत इथे. तो केज नव्हे, उलटल्यावर घडी पडते.

एफआयएच्या, म्हणजे मोटर स्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या, नियमात सीमलेस कोल्ड ड्रॉन नळी लागते. मागचा मुख्य हूप (सीटच्या मागची कमान) ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि २.५ जाडीचा, नाहीतर ५० चा आणि २ जाडीचा. बाकीच्या नळ्या ३८ ला २.५ किंवा ४० ला २. दारुखान्याच्या लोखंड बाजारात जाल तर नळी मिळेल, पण टेस्ट सर्टिफिकेटसकट मागा, नुसती जाडी मोजून घेऊ नका. मँड्रेल बेंडरवरच वाकवा, वाळू भरून तापवून नाही, बाकावर आतल्या बाजूला सुरकुती पडली तर ती नळी बाद. पाय थेट फ्लोअरच्या पत्र्यावर नकोत, खाली प्लेट हवी. हार्नेसवरची (स्पर्धेच्या सीट बेल्टवरची) तारीख वाचा, पाच वर्षांनी तो बाद होतो.

मोनोकॉकमध्ये केज टाकला की बॉडीही ताठ होते आणि सस्पेन्शन खरं काम करायला लागतं. म्हणजे जीव वाचवणारी वस्तूच गाडी चांगलीही करते. यासाठी मी मजुरी घेणार नाही, मटेरिअल तुमचं. माझ्या मुलाच्या वयाचे आहात.


हिरवी फियाट (माटुंगा)

लेथवाला काका, मनापासून नमस्कार.

घाटमाथा, एक सुचवतो. भिवंडीकडे भंगारात एक कॉन्टेसा आहे. इंजिन नाही, काचा नाहीत, मागचा अ‍ॅक्सल आणि पुढचं सस्पेन्शन आहे. फ्लोअर कसा आहे माहीत नाही. नोंदणी रद्द झालेली आहे, मालकाकडे कागद आहे. मी पद्मिनीसाठी गेलो होतो तेव्हा पाहिली. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. तुमची घरची राहू दे.


घाटमाथा (चेंबूर)

उशीर झाला, क्षमस्व. रविवारी भिवंडीला जाऊन आलो. बाबा स्वतःहून म्हणाले, मी येतो.

गाडी चाळीच्या मागे गवतात होती. मी दिवे आणि ग्रिल बघत होतो, बाबा सरळ खाली वाकले. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि जॅकच्या जागा, बॉक्स सेक्शन, मागच्या स्प्रिंगच्या वरचा पत्रा असं एकेक ठिकाणी टोचत गेले. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, मातीत गुडघे टेकून. चालकाच्या पायाखालचा फ्लोअर पूर्ण गेलाय, स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. डाव्या बाजूला टाचेएवढं एक भोक. पण पुढचे दोन्ही रेल आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या जागा टणक आहेत. "फ्लोअर तर कापायचाच आहे ना तुला केजसाठी," म्हणाले. मालकाने साठ सांगितले, पंचेचाळीस हजारांत ठरली. पैसे बाबांनी दिले.

तेव्हा नवीन यादी. पांढरी कॉन्टेसा तशीच राहील, पुनर्नोंदणीची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलीय, तो अर्ज या आठवड्यात. भिवंडीची गाडी ट्रेलरवरून वसईच्या गाळ्यात. पहिल्या वर्षी नकल, आर्म, वेल्ड केलेलं डिफरन्शिअल, वेगळ्या लाइनचा हँडब्रेक, केज, सीट, हार्नेस. इंजिन सध्या जुनंच इसुझुचं, कुठूनतरी मिळवतो. क्रिस्टाचं २.७ पुढच्या वर्षी, कोन आणि ब्रेक झाल्यावरच. एलएस१ यादीतून काढलं. जुलैत कोल्हापूर, घाटवळण यांना आधी फोन करतो.

सागरवारा ताई, सराव दिवसा आणि बंद आवारातच होईल. जागा ठरली की ती इथे लिहीन, तुम्ही विचारलं होतंत म्हणून.

लेथवाला काका, शनिवारी अकराला साकीनाक्याला येतो. नकल दोन्ही बाजूंचे आणू की मापाला एक पुरे?


लेथवाला (साकीनाका)

दोन्ही आणा, डावा-उजवा सारखे नसतात. टाय रॉड आणि लोअर आर्मही आणा. आणि बाबांना घेऊन या, तो स्क्रूड्रायव्हरवाला माणूस मला भेटायचाय.